क्षुधानाश, मनोजन्य : किशोरवयीन रुग्णांवरील उपचार व त्यांची दूरगामी फलिते

क्षुधानाश, मनोजन्य : कृश होण्याच्या वा राहण्याच्या अट्टहासापायी अन्न वर्ज्य करून शरीर धोकादायक मर्यादेपर्यंत झिजविणारी मानसिक विकृती. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होझा’ या तिच्या पाश्चात्त्य नावाचा शब्दशः अर्थ ‘मज्जासंस्थाजन्य भूकनाश’ असा होतो. परंतु तो काहीसा दिशाभूल करणारा आहे. या विकृतीत भूक बहुधा नष्ट झालेली नसते, तर ती निग्रहाने दाबून टाकलेली असते. वजन वाढण्याची तीव्र भीती, स्वतःच्या देहाविषयीची विपरीत प्रतिमा, अतिरेकी व्यायाम, मासिक पाळी बंद पडणे आणि आपण आजारी आहोत हेच मान्य न करणे ही तिची ठळक लक्षणे होत. विकृतीचा प्रारंभ बहुधा पौगंडावस्थेत होतो आणि मुलांपेक्षा मुलींत ती कितीतरी अधिक आढळते. मानसिक विकारांत तिच्याइतके मृत्यूचे प्रमाण फार थोड्या विकारांत असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासानुसार हे प्रमाण त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेने सुमारे सहापट असून, दर पाच मृत्यूंपैकी एक आत्महत्येमुळे घडलेला होता.

या विकृतीवरील उपचारांचा इतिहास सव्वातीनशे वर्षांचा आहे. उपचारांनंतर रुग्णांचे पुढे काय झाले, याची पद्धतशीर नोंद मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच होऊ लागली. त्या नोंदींनी दोन जुन्या समजुती मोडून काढल्या. मुलीच्या आजाराचे मूळ आईबापांत असते व म्हणून तिला त्यांच्यापासून दूर नेले पाहिजे, ही त्यांपैकी एक. वजन भरून आले, की रोग बरा झाला, ही दुसरी.

पूर्वेतिहास : मध्ययुगीन यूरोपात धार्मिक भावनेने अन्नत्याग करणाऱ्या स्त्रियांची अनेक उदाहरणे नमूद आहेत. सिएनाची संत कॅथरिन (मृत्यू १३८०) हे त्यांतील विशेष प्रसिद्ध उदाहरण. तथापि अशा उपवासांना आधुनिक अर्थाने ही विकृती म्हणावे काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. वैद्यकीय स्वरूपाचे पहिले वर्णन सामान्यतः इंग्रज वैद्य रिचर्ड मॉर्टन (१६३७–९८) यांचे मानले जाते. क्षयरोगावरील आपल्या १६८९ च्या लॅटिन ग्रंथात त्यांनी ज्वर, खोकला वा श्वासाचा त्रास नसताना केवळ मनाच्या अवस्थेमुळे देह झिजत जाण्याच्या प्रकाराला ‘मज्जाजन्य क्षय’ म्हटले आणि दोन रुग्णांची हकीकत दिली. त्यांतील अठरा वर्षांच्या मुलीने औषधे नाकारली व ती मरण पावली. सोळा वर्षांच्या मुलाला मॉर्टन यांनी अभ्यास सोडून खेड्यातील मोकळ्या हवेत राहण्याचा, घोडेस्वारीचा व दुधाच्या आहाराचा सल्ला दिला. त्याची प्रकृती बरीच सुधारली. अशा रीतीने या विकृतीच्या पहिल्या वैद्यकीय नोंदीतच किशोरवयीन रुग्णांच्या बाबतीत संभवणारी दोन्ही टोकाची फलिते आढळतात.

गल व लासेग : १८७३ मध्ये लंडन व पॅरिस येथे जवळजवळ एकाच वेळी या विकृतीला स्वतंत्र रोगाचे स्थान मिळाले. पॅरिसमधील शार्ल लासेग (१८१६–८३) यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आठ रुग्णांवर आधारलेला लेख प्रसिद्ध केला. त्यांनी तिला उन्मादाचा, म्हणजे हिस्टेरियाचा एक प्रकार मानले. परंतु त्यांच्या लेखाचे खरे महत्त्व कुटुंबाच्या वर्णनात आहे. मुलगी जेवत नाही हे लक्षात येताच घरची माणसे आधी विनवण्या करतात, नंतर धाक घालतात. दोन्ही उपाय थकतात आणि अखेर सगळे घर त्या एका प्रश्नाभोवती फिरू लागते. म्हणून रुग्णाबरोबर कुटुंबाचेही निरीक्षण करावे, असे लासेग यांनी सुचविले.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील सर विल्यम विथी गल (१८१६–९०) यांनी ऑक्टोबर १८७३ मध्ये तेथील क्लिनिकल सोसायटीपुढे आपला निबंध वाचला. १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधातच ‘ॲनोरेक्सिया नर्व्होझा’ हे नाव रूढ झाले. गल यांच्या पहिल्या रुग्णाचे वजन जानेवारी १८६६ मध्ये ८२ पौंड, म्हणजे सुमारे ३७ किग्रॅ. होते, मार्च १८६८ मध्ये ते १२८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ५८ किग्रॅ. वर गेले. औषधांचा फारसा उपयोग होत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने नमूद केले. ठराविक अंतराने अन्न देणे, शरीराची ऊब राखणे आणि रुग्णावर नैतिक वचक ठेवू शकेल अशी माणसे तिच्याभोवती असणे, हाच त्यांच्या उपचाराचा गाभा होता. रुग्णाच्या शुश्रूषेला नातेवाईक व मित्र सहसा सर्वांत अयोग्य ठरतात, हे त्यांचे मत पुढे शतकभर प्रमाण मानले गेले. १८८८ मध्ये त्यांनी वर्णिलेली चौदा वर्षांची मुलगी मात्र रुग्णालयातून पाठविलेल्या परिचारिकेच्या देखरेखीखाली काही आठवड्यांतच सुधारली होती. नियमित अन्न व ते देणाऱ्याचा शांत निर्धार यांचे महत्त्व या उदाहरणातून दिसते.

विलगीकरणाचा काळ : कुटुंबाविषयीच्या या अविश्वासाला झां मार्तँ शार्को (१८२५–९३) यांनी सिद्धांताचे रूप दिले. आँगुलेम येथून पॅरिसला आणलेल्या एका किशोरवयीन मुलीची हकीकत त्यांनी आपल्या व्याख्यानात सांगितली आहे. तिला भरती केल्यावरही आईवडील तिच्याजवळच राहिले, तोवर ती काही खाईना. शार्को यांनी त्यांना निघून जाण्यास भाग पाडल्यानंतर ती खाऊ लागली. या अनुभवावरून ‘विलगीकरण’ हा उपचाराचा पाया ठरला. अमेरिकेत सायलस वेअर मिचेल (१८२९–१९१४) यांनी पूर्ण विश्रांती, भरपूर आहार, मर्दन व घरापासून दूर वास्तव्य यांवर आधारलेली जी ‘विश्रांतिचिकित्सा’ रूढ केली, तिचीही दिशा तीच होती. फ्रान्समध्ये विलगीकरणाची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होती. ठराविक वजन गाठेपर्यंत आईवडिलांची भेट व पत्रव्यवहारही बंद ठेवला जाई. अशा उपायाने अनेक मुलींचे प्राण वाचले, हे नाकारता येत नाही. पण घरी परतल्यावर त्यांचे पुढे काय झाले, याची नोंद क्वचितच ठेवली गेली.

पोष ग्रंथीचा सिद्धांत : १९१४ मध्ये हँबर्गचे विकृतिवैज्ञानिक मॉरिस सिमंड्स (१८५५–१९२५) यांनी पोष ग्रंथीच्या नाशामुळे आलेल्या शारीरिक ऱ्हासाचे वर्णन केले. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे मनोजन्य क्षुधानाश हा याच ग्रंथीचा रोग समजला जाऊन अनेक तरुण रुग्णांना ग्रंथींचे अर्क देण्यात आले. लंडनचे जॉन राइल (१८८९–१९५०) यांनी १९३६ मध्ये ५१ रुग्णांच्या अनुभवावरून विकृतीचे मानसिक स्वरूप पुन्हा अधोरेखित केले. पुढे हॅरॉल्ड शीहन व त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले, की पोष ग्रंथी निकामी झाल्याने असा टोकाचा कृशपणा सहसा येतच नाही. या दीर्घ गोंधळामुळे मधल्या काळातील रुग्णांच्या फलितांचे आकडे आज तुलनेस निरुपयोगी ठरले आहेत.

उपासमारीचा प्रयोग : विकृतीच्या आकलनाला महत्त्वाची कलाटणी अनपेक्षित दिशेने मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ (१९०४–२००४) यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांवर नियंत्रित अर्धउपासमारीचा प्रयोग केला. सद्‌सद्‌विवेकबुद्धीच्या कारणास्तव युद्धसेवा नाकारलेले हे तरुण प्रयोगात स्वेच्छेने सहभागी झाले होते. चोवीस आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. त्याबरोबरच ते चिडचिडे व खिन्न झाले, मित्रांपासून दूर राहू लागले, अन्नाचाच विचार करू लागले आणि ताटातील पदार्थ तासन्‌तास चिवडत बसू लागले. पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही ही लक्षणे लगेच ओसरली नाहीत. १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या संशोधनावरून असे दिसले, की क्षुधानाशाच्या रुग्णांत जे स्वभावदोष मानले जात होते, त्यांतील बरेचसे उपासमारीचे परिणाम होते. म्हणून आधी शरीराचे पोषण व नंतर मनाचा शोध, असा उपचारक्रम हळूहळू मान्य होत गेला.

मनोविश्लेषणाकडून कुटुंबोपचाराकडे : जर्मनीतून अमेरिकेत स्थायिक झालेल्या हिल्डा ब्रुख (१९०४–८४) यांनी १९६० नंतरच्या दोन दशकांत या विकृतीकडे नव्या दृष्टीने पाहिले. स्वतःच्या आयुष्यावर आपला काहीच ताबा नाही असे वाटणाऱ्या मुलीला आपल्या देहावरील ताबा हा एकमेव विजय वाटतो, असे त्यांनी प्रतिपादिले. १९७३ व १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांमुळे हा विषय सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. पारंपरिक मनोविश्लेषण या रुग्णांना फारसे मानवत नाही, हेही त्यांनी स्पष्टपणे मांडले.

त्याच सुमारास इटलीतील मिलान येथे मारा सेल्विनी पालाझोली (१९१६–९९) मनोविश्लेषणाकडून संपूर्ण कुटुंबाच्या उपचाराकडे वळल्या. फिलाडेल्फिया येथे साल्व्हादोर मिनुचिन (१९२१–२०१७) व त्यांचे सहकारी रुग्ण व कुटुंब यांना एकत्र जेवायला बसवून उपचार करू लागले. १९७८ मध्ये त्यांनी ५३ रुग्णांपैकी सुमारे ८६ टक्के बरे झाल्याचे प्रसिद्ध केले. तोवरच्या निराशाजनक वातावरणात हा आकडा विलक्षण होता. मात्र त्यांचे बहुसंख्य रुग्ण लहान वयाचे व अल्प काळ आजारी असलेले होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि फलिताची तपासणी स्वतंत्र निरीक्षकांनी केलेली नव्हती. शिवाय विशिष्ट प्रकारची कुटुंबेच ही विकृती निर्माण करतात, या त्यांच्या सिद्धांतामुळे आईवडिलांवरील दोषारोप कायम राहिला. कुटुंब उपचाराच्या खोलीत आले, ते जणू आरोपी म्हणून.

फलिताची मोजपट्टी : बरे होणे म्हणजे काय, हे निश्चित ठरल्याखेरीज उपचारांची तुलना शक्य नव्हती. लंडनमध्ये पीटर डॅली व विल्यम सार्जंट यांनी १९६० मध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध व इन्शुलीन यांच्या साह्याने रुग्णांचे वजन झपाट्याने वाढविता येते, असे दाखविले. परंतु १९६६ च्या त्यांच्याच पाहणीत दूरगामी फलितात त्या प्रमाणात फरक आढळला नाही. १९७५ मध्ये एच्. जी. मॉर्गन व जेरल्ड रसेल (१९२८–२०१८) यांनी रुग्णालयातील उपचारांनंतर किमान चार वर्षांनी ४१ रुग्णांची पाहणी केली. या पाहणीत वापरलेले ‘चांगले’, ‘मध्यम’ व ‘वाईट’ हे फलिताचे तीन वर्ग पुढे सर्वत्र रूढ झाले. चांगल्या फलितासाठी वजन सरासरीच्या १५ टक्के मर्यादेत असणे व मासिक पाळी नियमित असणे या अटी होत्या. या ४१ पैकी सुमारे दोनपंचमांश रुग्ण चांगल्या वर्गात मोडले. सुमारे वीस वर्षांनी त्याच रुग्णांचा पुन्हा शोध घेण्यात आला, तेव्हा किमान १५ टक्के रुग्ण या विकृतीशी निगडित कारणांनी दगावल्याचे आढळले.

स्वीडनमधील स्टेन थिआंडर यांनी १९३० ते १९६० या काळातील ९४ स्त्री रुग्णांचा सरासरी ३३ वर्षे मागोवा घेतला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार १८ टक्के रुग्ण मरण पावले होते, तर सुमारे तीनचतुर्थांश बरे झाले होते. या एकाच पाहणीत विकृतीची भीषणता व आशा दोन्ही सामावलेल्या आहेत. पाच वर्षांनंतरचे चित्र हे तीस वर्षांनंतरचे चित्र नव्हे, हा तिचा मुख्य धडा होय.

मॉड्सली प्रयोग : लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात रसेल, जॉर्ज झ्मुक्लर, क्रिस्टोफर डेअर व इव्हान आयस्लर यांनी केलेला आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग हा या इतिहासातील निर्णायक टप्पा मानला जातो. ८० रुग्णांचे वजन प्रथम रुग्णालयात वाढविण्यात आले. नंतर यादृच्छिक निवडीने काहींना वर्षभर कुटुंबोपचार व इतरांना व्यक्तिगत उपचार देण्यात आले. ज्यांची विकृती १९ वर्षे वयापूर्वी सुरू झालेली होती व जिला तीन वर्षे पुरी झालेली नव्हती, अशा २१ रुग्णांना कुटुंबोपचाराचा स्पष्ट लाभ झाला. वयाने मोठ्या वा दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांत तसा लाभ दिसला नाही. पाच वर्षांनंतरच्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या लहान गटातील कुटुंबोपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के, तर व्यक्तिगत उपचार मिळालेल्यांपैकी ३६ टक्के रुग्ण चांगल्या वर्गात होते. आकडे लहान गटाचे असल्याने ते जपून वापरणे आवश्यक आहे. पण उपचार संपल्यावर अनेक वर्षांनीही फरक टिकून राहिला, हे महत्त्वाचे आहे.

मॉड्सली पद्धतीचे वैशिष्ट्य तिच्या भूमिकेत आहे. विकृती कशामुळे झाली, हा प्रश्न ती बाजूला ठेवते आणि आईवडिलांना दोषमुक्त करून त्यांच्याकडेच मुलीला जेवू घालण्याचे काम सोपविते. पहिल्या टप्प्यात काय व किती खायचे, हे आईवडील ठरवितात. भावंडांनी आजारी बहिणीवर दबाव न आणता तिची सोबत करावयाची असते. दुसऱ्या टप्प्यात वजन सावरल्यावर खाण्यावरील नियंत्रण क्रमाक्रमाने मुलीकडे परत दिले जाते. तिसऱ्या टप्प्यात शिक्षण, मैत्री, स्वातंत्र्य इ. पौगंडावस्थेतील स्वाभाविक प्रश्नांचा विचार होतो. मुलगी व तिचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव कुटुंबाला करून दिली जाते. त्यामुळे राग आजारावर केंद्रित होतो, मुलीवर नव्हे. गल व शार्को यांनी ज्यांना दाराबाहेर ठेवले, तेच आता उपचारांचे प्रमुख साधन बनले.

नंतरचे प्रयोग : आयस्लर व त्यांचे सहकारी यांनी ४० किशोरवयीन रुग्णांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात कुटुंबाला एकत्र बसवून केलेल्या उपचारांची तुलना आईवडील व मुलगी यांना स्वतंत्रपणे भेटून केलेल्या उपचारांशी करण्यात आली. मुलीवर सतत टीका करणाऱ्या कुटुंबांत दुसरा प्रकार अधिक उपयुक्त ठरला. पाच वर्षांनंतर या रुग्णांपैकी सुमारे तीनचतुर्थांश लक्षणमुक्त होते व एकही मृत्यू झालेला नव्हता. अमेरिकेत जेम्स लॉक व डॅनियल ल ग्रांज यांनी या पद्धतीची पुस्तिका २००१ मध्ये तयार केल्याने तिचा प्रसार झाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२१ रुग्णांवरील त्यांच्या प्रयोगात उपचार संपल्यानंतर एका वर्षाने कुटुंबोपचार गटातील ४९ टक्के, तर व्यक्तिगत उपचार गटातील २३ टक्के रुग्ण पूर्णपणे सावरले होते. म्हणजे सर्वोत्तम मानल्या गेलेल्या उपचारांनंतरही निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण त्या वेळेपर्यंत पूर्ण बरे झालेले नव्हते. ही मर्यादा ध्यानात घेऊनही ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१७ मध्ये मुले व किशोरवयीन यांच्यासाठी कुटुंबोपचाराला अग्रक्रम दिला.

दीर्घकाळ रुग्णालयात ठेवण्याची आवश्यकता किती, याचाही फेरविचार झाला. जर्मनीतील सहा केंद्रांत १७२ रुग्णांवर केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, थोड्या दिवसांच्या भरतीनंतर केवळ दिवसा रुग्णालयात येऊन घेतलेले उपचार हे सलग भरतीइतकेच परिणामकारक ठरले. जिवाला धोका असताना मात्र भरतीला पर्याय नाही.

दूरगामी पाहण्या : लॉस अँजेल्स येथे मायकेल स्ट्रोबर व सहकारी यांनी १२ ते १७ वर्षे वयात रुग्णालयात दाखल झालेल्या ९५ रुग्णांचा १० ते १५ वर्षे मागोवा घेतला (१९९७). एकही रुग्ण दगावला नाही व सुमारे ७६ टक्के पूर्ण बरे झाले. परंतु त्यासाठी लागलेला काळ सरासरीने पाच ते साडेसहा वर्षांच्या घरात होता. रुग्णालयातून घरी गेल्यावर, पूर्ण बरे होण्यापूर्वी, सुमारे ३० टक्के रुग्णांची विकृती उलटली. एकदा पूर्ण बरे झालेल्यांत मात्र ती क्वचितच परतली. वजन वाढणे व बरे होणे यांतील अंतर या आकड्यांतून स्पष्ट होते. घरी पाठविलेली मुलगी बरी झालेली नसून बरी होऊ लागलेली असते.

स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील पाहणी आणखी बोलकी आहे. मारिया रोस्टाम, क्रिस्टोफर गिलबर्ग, एलिझाबेट वेंट्झ इ. संशोधकांनी पौगंडावस्थेत विकृती जडलेल्या ५१ व तितक्याच निरोगी व्यक्तींची वारंवार पाहणी केली. यांतील बरेच रुग्ण शाळांमधील तपासणीतून शोधलेले असल्याने, केवळ रुग्णालयात पोहोचलेल्यांपुरते हे चित्र मर्यादित नाही. अठरा वर्षांनंतर एकही मृत्यू झालेला नव्हता व सहा जणांना आहारविकृती होती. तथापि दर चौघांपैकी एकाला मानसिक त्रासामुळे अर्थार्जन करता येत नव्हते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीस वर्षांनंतरच्या पाहणीत ६४ टक्के रुग्ण आहारविकृतीच्या सर्व लक्षणांपासून मुक्त होते, १९ टक्क्यांना एखादी आहारविकृती होती व ३८ टक्क्यांना अन्य मानसिक विकार होते. त्यांच्या आयुष्यातील सरासरी दहा वर्षे आहारविकृतीत गेली होती. यांतील २३ टक्के व्यक्तींनी मानसचिकित्सा कधीच घेतलेली नव्हती. तुलनेने उशिरा प्रारंभ झालेल्यांचे फलित अधिक चांगले ठरले. त्यामुळे विकृती जितक्या लहान वयात जडते तितकी ती सौम्य असते, हा समज टिकत नाही.

हान्स-क्रिस्टोफ स्टाइनहाउझेन यांनी २००२ मध्ये विसाव्या शतकातील ११९ अभ्यासांतील ५,५९० रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. हयात रुग्णांपैकी निम्म्याहून कमी पूर्ण बरे झाले, सुमारे एकतृतीयांश सुधारले आणि २० टक्के दीर्घकाळ आजारी राहिले. पाठपुराव्याचा काळ वाढत गेला, तसतसे बरे झालेल्यांचे प्रमाणही वाढलेले दिसले. मृत्यूंची संख्याही वाढली. बॉस्टन येथील २०१७ च्या पाहणीनेही तोच प्रत्यय दिला. तेथील क्षुधानाशग्रस्त स्त्रियांपैकी नऊ वर्षांनंतर सुमारे ३१ टक्के, तर बावीस वर्षांनंतर सुमारे ६३ टक्के बऱ्या झालेल्या होत्या. दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णाला असाध्य ठरविणे त्यामुळे अनुचित होय.

शारीरिक परिणाम : पौगंडावस्थेत हाडांची घनता सर्वाधिक वेगाने वाढते. नेमक्या याच काळात अपुरे पोषण झाल्यास व स्त्री-हॉर्मोने घटल्यास हाडे ठिसूळ राहतात आणि वजन पूर्ववत झाल्यावरही ही हानी पूर्णपणे भरून येईलच असे नाही. लहान वयात विकृती जडल्यास उंचीची वाढही खुंटू शकते. मासिक पाळी बहुधा पुन्हा सुरू होते आणि बऱ्या झालेल्या पुष्कळ स्त्रिया माताही होतात. काही रुग्णांत काळाच्या ओघात अनावर खाण्याची व त्यानंतर मुद्दाम ओकारी काढण्याची प्रवृत्ती निर्माण होते. रसेल यांनी १९७९ मध्ये ‘बुलिमिया नर्व्होझा’ या नावाने वर्णिलेली विकृती ती हीच. म्हणून मूळ लक्षणे नाहीशी झाली, तरी ती दुसऱ्या रूपात टिकून नाहीत ना, हे पाहणे आवश्यक ठरते.

आशियातील अनुभव : ही केवळ पाश्चात्त्य, सुखवस्तू समाजाची विकृती आहे, ही समजूत हाँगकाँग येथील सिंग ली यांच्या संशोधनाने शिथिल केली. त्यांच्या ७० चिनी रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांत लठ्ठपणाची भीती नव्हती. पोट भरल्यासारखे वाटते, भूक लागत नाही, अशी कारणे ते देत (१९९३). दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील मानसचिकित्सकांनी १९९५ मध्ये वर्णिलेल्या पाच तरुण स्त्रियांतही अन्ननकार, ओकाऱ्या, वजनघट ही लक्षणे होती. देहप्रतिमेची विकृती व अतिरेकी हालचाल मात्र नव्हती. अशा रुग्णांचा प्रथम पोटाचा विकार वा क्षय म्हणून तपास होणे स्वाभाविक असते. निदानास होणारा विलंब फलितावर परिणाम करतो, हे येथे विशेष लक्षात घ्यावयास हवे. वर उल्लेखिलेल्या उपचार-प्रयोगांचे रुग्ण बहुतांशी यूरोप व अमेरिका येथील आहेत. तेथील आकडे इतर समाजांना जसेच्या तसे लावणे योग्य नाही.

मूल्यमापन : आईवडीलच या विकृतीचे प्रमुख कारण आहेत, या मताचा आहारविकृतींवरील आंतरराष्ट्रीय अभ्यासक-संघटनेने २०१० मध्ये स्पष्टपणे अव्हेर केला. २०१९ मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या आनुवंशिक तपासणीत विकृतीशी निगडित आठ गुणसूत्रीय स्थाने आढळली. त्यांचे संबंध मानसिक विकारांप्रमाणेच चयापचयाशीही जुळतात. त्यामुळे घरातील वातावरण हेच मूळ, ही कल्पना आणखी दुबळी झाली. फलिताची मोजपट्टीही बदलली. अमेरिकन मानसचिकित्सा संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणातून मासिक पाळीची अट वगळण्यात आली. रुग्णाचे वजन, खाण्याविषयीचे विचार, मनःस्थिती, शिक्षण व नातेसंबंध या सर्वांचा विचार केल्याखेरीज ती बरी झाली असे आता मानले जात नाही.

तीन शतकांच्या अनुभवातून काही गोष्टी निश्चित झाल्या आहेत. लवकर उपचार झालेल्या किशोरवयीन रुग्णांचे फलित प्रौढ रुग्णांपेक्षा चांगले असते. आईवडिलांचा सहभाग हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. उपचारांच्या आरंभीच्या आठवड्यांत वजन वाढू लागणे हे शुभलक्षण होय. तथापि पूर्ण बरे होण्यास महिने नव्हे, तर वर्षे लागतात आणि रुग्णांचा एक लहान, पण दुर्लक्षणीय नव्हे असा गट आयुष्यभर झगडत राहतो. कुटुंबोपचाराने ज्यांना गुण येत नाही, त्यांच्यासाठी तितकाच खात्रीचा दुसरा मार्ग अद्याप सापडलेला नाही. त्यांचा शोध हे या क्षेत्रातील पुढील संशोधनाचे प्रमुख कार्य आहे.